मेलेलं यीस्ट

पंचवटीतल्या आमच्या दुकानात दारूच्या गोळ्या मिळतात, अशी काही वर्षं आमची ख्याती होती. दुकान जनावरांच्या औषधांचं, आणि गोळ्या ब्रूअर्स यीस्टच्या, कुत्र्यांसाठी. पण डबीवरचं बारीक अक्षर वाचून कुणीतरी शेजारच्या पानवाल्याला सांगितलं की या बिअरपासून करतात. पानवाल्याने आणखी दहा जणांना सांगितलं. मग संध्याकाळी एखादा डोळे तारवटलेला माणूस काउंटरवर कोपर टेकून हळूच विचारायचा, "मॅडम, त्या गोळ्या आहेत का? दोनच द्या." मी म्हणायचे, "आधी कुत्र्याला घेऊन या." तो बिचारा खरोखर विचारात पडायचा.

मी त्या दुकानात चौदा वर्षं उभी राहिले. बसले असं लिहिता येत नाही, कारण काउंटरच्या आत खुर्ची एकच होती आणि ती शेठची होती. डी. फार्मसी करून मी लागले तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि गिऱ्हाईक म्हणजे गाय, म्हैस, बैल, शेळी, फार तर कोंबडी. आसपासच्या गावांतले लोक मार्केटात भाजी उतरवून आमच्याकडे यायचे, गाय रवंथ करत नाही म्हणून सांगायचे, औषध पिशवीत टाकून निघून जायचे. कुत्र्याला विकतचं औषध देतात हे मलाच नवीन होतं. पुढे गंगापूर रोडला, कॉलेज रोडला इमारती उठल्या, त्यांत पॉमेरियन आले, अल्सेशियन आले. ज्या घरात सासूबाईंचं टॉनिक आणायला कुणाला सवड नव्हती, त्या घरांतून कुत्र्याच्या टॉनिकच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. मला राग यायचा. कुत्र्यांचा नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत संध्याकाळी जनावरांचे एक डॉक्टर बसायचे. माणूस मोजकं बोलणारा, पण विचारलं तर नीट सांगणारा. या गोळ्यांबद्दल मी त्यांना पहिल्यांदा विचारलं, तेव्हा हातातलं इंजेक्शन खाली ठेवून त्यांनी मला समजावलं होतं. बिअर करताना जे यीस्ट घालतात, ते काम झालं की काढून घेतात, तापवून मारतात आणि वाळवतात. "मेलेलं असतं, म्हणूनच निर्धोक असतं," ते म्हणाले. "पोटात जाऊन फसफसत नाही, नशा येत नाही. आत राहतात ती बी गटातली जीवनसत्त्वं आणि थोडी प्रथिनं. केसांना बरं, कातडीला बरं, खाणं रुचतं. पण बाई, याला औषध समजू नका, हे खाणंच आहे. आधी अंगावरच्या गोचिडी काढा, पोटाला धड काहीतरी घाला, मग हे द्या."

हेच मी पुढे शेकडो माणसांना सांगितलं असेल. कुणी म्हणायचं ब्रूस ईस्ट, कुणी नुसतंच ईस्ट. एका काकांना मी दमून विचारलं होतं, "ईस्ट पाहिजे की वेस्ट?" त्यांनी गंभीरपणे चिठ्ठी उलगडून पाहिली. गोळ्या दिल्या की पिसवा पळतात, असंही लोक म्हणायचे. मला तरी पळताना दिसल्या नाहीत. एखाद्या कुत्र्याच्या पोटात वारा धरायचा, एखाद्याची खाज उलट वाढायची, मग मी म्हणायचे, बंद करा, सगळ्यांना सगळं मानवत नाही. लसूण घातलेली एक पावडरही मध्यंतरी आली होती. डॉक्टरांनी ती कपाटातून काढायला लावली. कुत्र्याला कांदा-लसूण वाईट, रक्त बिघडतं, म्हणाले.

आता घरचं सांगते. माझे वडील विंचूरला राहायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. कांद्याच्या मार्केटमध्ये ते मापाडी होते, म्हणजे वजनकाट्यावरचा माणूस. उभा जन्म काट्यापाशी गेल्यामुळे त्यांना सगळंच हातात घेऊन तोलून बघायची सवय होती. मी माहेरी गेले की माझी पिशवीसुद्धा उचलून म्हणायचे, "तीन किलो भरंल." आई गेली, मार्केटचं काम सुटलं, आणि त्याच सुमारास मार्केटातलं एक तांबूस कुत्रं त्यांच्यामागे घरापर्यंत आलं ते राहिलंच. दादा त्याला गड्या म्हणायचे. ते काही नाव नव्हे, हाक होती. पण दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दांत हा शब्द सगळ्यात जास्त असायचा, हे मी स्वतः पाहिलंय.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. धाकट्या भावाने जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं होतं, खाली फरशी घातली होती, आणि वहिनीला दिवस गेले होते. नेमक्या त्याच वर्षी कुत्र्याच्या पाठीवरचे केस गेले. आधी शेपटीच्या बुडाशी रुपयाएवढा डाग, मग कंबरभर. सारखं खाजवायचं, भिंतीला घासायचं, आणि अंगाला असा वास की वहिनी तोंडाला पदर लावून परसात पळायची. तिची चूक नव्हती. भावाने सांगून टाकलं, बाळ घरात यायच्या आत कुत्रं गेलं पाहिजे, लांब कालव्यापलीकडे सोडून येतो. दादा त्यावर एकच वाक्य बोलले, "ते जाईल तिथं मी बी जाईन. मळ्यात मोटारीची खोली हाय."

ती विहिरीवरच्या पंपाची खोली मला ठाऊक होती. वर पत्रा, दारात गवत, आणि उन्हाळ्यात तिथं साप निघायचे. दादांना साखरेचा आजार होता, डोळ्यांनी कमी दिसत होतं. पण ते उगाच बोलणाऱ्यांतले नव्हते, बोलले म्हणजे जाणार. भावाचा मला फोन आला, "तू समजाव त्यांना." वहिनीचा वेगळा आला, "ताई, तुम्हीच सांगा." माझ्याकडे तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या, यजमानांची सातपूरची कंपनी बंद पडून ते घरी होते, आणि पायांच्या शिरा अशा सुजलेल्या की संध्याकाळी चप्पल निघत नव्हती. तरी समजवायचं मीच. मुलगी लग्न होऊन जाते म्हणतात, माझ्या बाबतीत ती नुसती लांब राहायला गेली होती.

दादांना समजवण्याऐवजी मी म्हटलं, कुत्रंच बरं करू. ओळखीच्या एका पिकअपमधून दादा त्याला नाशिकला घेऊन आले. कांद्याच्या गोण्यांवर दादा आणि त्यांच्या मांडीवर कुत्रं. आमच्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं, कातडी खरवडून काचेवर घेतली, कानात पाहिलं. म्हणाले, खरूज नाही. गोचिडी आहेत, आणि नुसत्या भाकरी-दुधावर ठेवल्यामुळे अंगाला काही लागत नाही. त्यांनी अंग धुवायचं औषध दिलं, रोज एक उकडलेलं अंडं सांगितलं, आणि यीस्टच्या गोळ्या लिहून दिल्या. कांदा अजिबात द्यायचा नाही, असंही बजावलं. दादांना हसू आलं. "विंचूरच्या कुत्र्याला कांदा वर्ज्य म्हंजी अवघडच हाय, डाक्टर." इतकं मोकळं हसताना मी त्यांना आई गेल्यावर पहिल्यांदाच पाहिलं.

गुण आला. महिना-दीड महिन्यात पाठीवर लव आली, वास गेला. अंघोळीचा, अंड्याचा आणि गोळ्यांचा वाटा किती किती, ते देव जाणे. पण दादांनी सगळं श्रेय गोळ्यांना दिलं, कारण गोळ्या लेकीच्या दुकानातून येत होत्या. वहिनी ओसरीपर्यंत कुत्र्याला येऊ द्यायला लागली. कालव्याचं नाव निघेनासं झालं. दर पंधरा दिवसांनी मी एक डबी कुणाच्या तरी हाती पाठवायचे.

आणि रोज चार वाजता दुकानात फोन यायचा. विंचूरला मार्केटसमोर एसटीडीचं बूथ होतं, घरी फोन असूनही दादा तिथवर चालत जायचे. "बाई, काय करू राहिली?" ही सुरुवात. मग कुत्र्याची विचारपूस, म्हणजे माझ्याकडून नव्हे, त्यांच्याकडून. गोळी जेवणाआधी द्यायची का नंतर? एक दिली तर चालंल का दोन? उन्हाळ्यात उष्ण तर पडणार नाय? माणसाच्या शक्तीच्या गोळ्या दिल्या तर? मी सांगायचे, जेवणात कुस्करून द्या, सांगितल्यापेक्षा जास्त देऊ नका, माणसाच्या गोळ्यांत आणखी काय काय असतं, त्या नकोत. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न. पहिले काही आठवडे मी हौसेने उत्तरं दिली. मग उत्तरं देता देता माल लावायला लागले, मग बिल फाडायला लागले. चार वाजले की शेठ पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तुमच्या कुत्र्याचा फोन." सगळे हसायचे. मीही हसायचे, आणि आतून वैतागायचे.

तो दिवस सोमवारचा होता. सासूबाईंना सकाळीच दवाखान्यात ठेवून मी कामावर आले होते. शेळ्यांना काहीतरी रोग आला होता आणि दुकानात ही गर्दी. एकाला लस हवी, एकाला ती न्यायला बर्फ हवा, एक जण उधारीवर भांडत होता. त्यात चार वाजले.

"बाई, काय करू राहिली?"

"काम करतेय दादा. बोला पटकन."

"गोळ्या सरत आल्या."

"पाठवते."

"अन् एक विचारायचं व्हतं. हे यीस्ट म्हंजी असतं काय? जिवंत असतं का?"

"नाही हो. मेलेलं असतं. मेलेलं, वाळलेलं."

"मेलेलं?" दादा म्हणाले. "मंग त्याचा गुण कसा काय येतो?"

"येतो तेवढा येतो, दादा. इथं माणसं उभी आहेत. ठेवू?"

"ठेव, ठेव," दादा घाईघाईने म्हणाले.

एवढंच बोलणं. 'मेलेलं असतं' इथवर मी बोलले आणि 'म्हणूनच निर्धोक असतं' हे बोलले नाही. ज्यांचं नावगाव मला माहीत नव्हतं, अशा माणसांना मी ते शेकडो वेळा पूर्ण करून सांगितलं होतं.

दादांनी घरी जाऊन काय विचार केला असेल, ते मला आज आरशासारखं स्वच्छ दिसतं. आमच्याकडे मेलेलं, वाळलेलं, डबीतलं म्हणजे नाइलाजाचं. भाजी ताजी, दूध धारोष्ण, विरजणसुद्धा कालचं चालतं, परवाचं नाही. मग मेलेल्या यीस्टने पाठीवर लव आली, तर जिवंत दिलं तर काय होईल! आणि जिवंत यीस्ट विंचूरमध्ये मिळत होतं. गावाजवळ वायनचे कारखाने निघायला लागले होते. आमच्या शेजारचाच एक माणूस एका छोट्या कारखान्यात टाक्या धुवायला जायचा. हंगाम द्राक्षाचा, टाक्या फसफसत होत्या. दादांनी त्याला जिवंत यीस्टचं विचारलं, त्यानेही कौतुकाने किटली भरून फेस आणून दिला. दादा आयुष्यात दारूला शिवले नव्हते. बिअरच्या गोळ्यांचं त्यांना थोडं वावडंच होतं, लेकीने दिल्या म्हणून देत होते. पण वायनला तेव्हा आमच्या भागात कुणी दारू म्हणत नव्हतं. द्राक्षाचा रस म्हणायचे.

त्याच संध्याकाळी दादांनी तो फेस कोमट दुधात कालवला, कुत्र्याने आवडीने खावा म्हणून त्यात गूळ घातला, भाकरी चुरली, आणि ताटली भरून पुढे ठेवली. कुत्र्याने चाटून पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दुकानात भावाचा फोन आला. तो हसत होता. "अगं, दादांच्या गड्यानं रात्री दारू ढोसली का काय? नुसतं डुलू राहिलं. सारी गल्ली जमली पाह्यला." मागे खरोखर हशा ऐकू येत होता. मी विचारलं, खाल्लं काय? त्याने सांगितलं. पोट फुगलंय का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, हो, टम्म झालंय, मघाशी ओकायला करत होतं पण येत नाही. मी त्याच्यावर ओरडले. हसतोस काय, ते पोटात फसफसतंय, दारू तयार होतेय त्याच्या पोटात, आत्ताच्या आत्ता निफाडला घेऊन जा, मी येते. भाऊ म्हणाला, "निघालो."

आमचे डॉक्टर सकाळचे दुकानात नसायचे. निफाडला जनावरांचे एक खाजगी डॉक्टर होते, ते औषधं आमच्याच दुकानातून न्यायचे. त्यांना फोन करून ठेवला आणि मी शेठला सांगून बस पकडली. शेठ म्हणाले, "कुत्र्यासाठी रजा?" बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. तासभर मला बसायला मिळालं होतं आणि मला बसवत नव्हतं.

मी पोहोचले तेव्हा कुत्रं पत्र्याच्या टेबलावर आडवं होतं. नळी घालून डॉक्टरांनी पोटातलं बरंच काढलं होतं, पायाला सलाइन होती. खोलीभर आंबूस वास. दादा टेबलापाशी उभे होते आणि कुत्र्याच्या पोटाखाली हात घालून धरलं होतं, जसं काही ते खाली पडेल. भाऊ दारात उभा होता, खाली मान घालून. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये पोत्यात धरून आणलं होतं म्हणे.

दादांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, मी द्राक्षाचं दिलं गं. दारूचं नाय दिलं."

डॉक्टर हात धूत होते. वळून त्यांनी आधी दादांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्ही औषधाच्या दुकानात ना? गोळ्या तुम्हीच पाठवत होतात. वडिलांना सांगायचं नाही का, जिवंत यीस्ट कधी द्यायचं नाही म्हणून? त्यात वर गूळ, कोमट दूध. कणीक फुगावी तसं पोट फुगलं याचं. आणि जठराला पीळ पडला असेल तर माझ्या हातात काही नाही."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते, ते आज सांगता येणार नाही.

"तिनं सांगितलं व्हतं," दादा म्हणाले. "चांगलं बजावून सांगितलं व्हतं, मेलेलंच द्या, जिवंत देऊ नका. मीच ऐकलं नाय. म्हातारपणी अक्कल जाती माणसाची."

डॉक्टर 'अहो काय दादा' असं काहीतरी पुटपुटले आणि परत सलाइनकडे वळले. भावाने माझ्याकडे पाहिलं. त्याला तेच खरं वाटलं होतं. एका वाक्याचं काम होतं, 'नाही डॉक्टर, मी सांगितलं नव्हतं.' ते माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. मला वाटलं, हे डॉक्टर शेठला सांगतील. घरात माझाच एक पगार येत होता. असं सगळं मनात येऊन गेलं, आणि त्याची मला लाज वाटली, आणि तरी मी गप्प राहिले.

कुत्रं दुपारी अडीचच्या सुमाराला गेलं. दादांचा हात त्याच्या पोटाखालीच होता. त्यांना आमच्याआधी समजलं. त्यांनी हात काढून घेतला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "चला."

मळ्यात, मोटारीच्या खोलीमागे त्याला पुरलं. खड्डा भावाने खणला. वहिनी सातव्या महिन्याचं पोट घेऊन तिथवर चालत आली आणि हुंदके देऊन रडली, हे मला अनपेक्षित होतं. दादा रडले नाहीत. आता मळ्यात राहायला जायचं त्यांना काही कारण उरलं नव्हतं. ते स्लॅबच्या घरात, पुढच्या खोलीत, खाटेवर राहिले. भाऊ त्यांच्याशी फार जपून वागायचा. बाळ झालं, मुलगी. दादा तिला मांडीवर घ्यायचे, पण गप्पच असायचे.

त्या दिवसानंतर चार वाजता फोन आला नाही. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, दुःखात आहेत. मग वाटलं, रागावले. मी इकडून भावाच्या घरी फोन करायला लागले. दादा फोनवर यायचे, "बरं हाय, तू बरी ना?" म्हणायचे आणि वहिनीच्या हातात द्यायचे. दुकानात मी त्याच गोळ्या विकत होते. गिऱ्हाइकाला दोन शब्द जास्तच समजावून सांगत होते. लोकांना वाटायचं, बाई फार काळजीवाहू आहे. एकदा एका तरुण मुलीने विचारलं, "मॅडम, या गोळ्या खरंच सेफ आहेत ना?" मी हो म्हटलं. गोळ्यांबद्दल ते खरंच होतं.

चार-पाच वर्षांनी गुडघ्यांनी साथ सोडली आणि मी दुकान सोडलं. यजमानांना दुसरीकडे काम लागलं होतं, सासूबाई गेल्या होत्या. हातात पहिल्यांदा रिकामा वेळ आला, तशी मी विंचूरला चार दिवस जाऊन राहिले. दादा खूप थकले होते. ओसरीवर ते भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, मी समोर बसून दाणे पाखडत होते. वहिनी मुलीला शाळेतून आणायला गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि मला वाटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही.

"दादा," मी म्हटलं, "त्या डॉक्टरांना तुम्ही खोटं सांगितलंत. जिवंत देऊ नका असं मी सांगितलंच नव्हतं. मला माहीत होतं, तरी सांगितलं नाही. आणि तुम्ही माझ्यावरचं तुमच्या अंगावर घेतलंत तेव्हा मी गप्प बसले."

दादांनी शेंग फोडली. दाणे हातावर घेतले, सवयीने तोललेसुद्धा.

"मला ठाऊक हाय की," ते म्हणाले. "मीच तर बोलत व्हतो ना तुझ्यासंगं."

"मग तुम्ही रागावलात. म्हणून फोन बंद केलात."

"राग?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी नीट पाहिलं. "राग कशाचा गं बाई. त्या दिवशी तुझा आवाज ऐकला अन् मला कळलं, पोर दमली हाय, उभ्या उभ्या बोलू राहिली. तरी मी विचारत बसलो. मला काही विचारायचं नसायचं बाई. गोळी कवा द्यायची ते मला पाठ व्हतं. तुझा आवाज ऐकायला फोन करायचो, अन् नुसतं तसं कसं म्हणायचं, म्हणून गड्याचं काढायचो. त्या दिवशी बी विचारायला काही उरलं नव्हतं, म्हणून विचारलं जिवंत असतं का. नसतं विचारलं तर गडी राह्यला असता."

मी सूप खाली ठेवलं. मला रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरलंही नाही. दादा पुढची शेंग फोडायला लागले.